'जर्नीमन' क्वार्टरबॅकला मराठीत काय म्हणायचं?

सांताक्लारावाली:
इकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी जॉश जॉन्सनवर लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात अडकलेय. अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून जवळपास प्रत्येक चाल सुरू होते तो, आणि त्याला काही झालं तर असावा म्हणून बाकावर दुसरा बसवलेला असतो. जॉन्सन आयुष्यभर तो दुसरा, कधी तिसरा, कधी चौथा. 2008 मध्ये टँपा बेने ड्राफ्टमध्ये (कॉलेजमधल्या नव्या खेळाडूंची संघ दरवर्षी पाळीपाळीने निवड करतात ती) घेतला, तिथून पुढे एनएफएलचे, म्हणजे इथल्या मुख्य फुटबॉल लीगचे, 14 संघ झाले, हा विक्रम आहे, मधेमधे छोट्या लीगही खेळून झाल्या. असल्या खेळाडूला इंग्रजीत जर्नीमन म्हणतात. मी 'मुशाफिर खेळाडू' लिहिलं तर संपादकांनी लाल शेरा मारून परत पाठवलं, की मुशाफिर आपल्या मर्जीने फिरतो, याला तर दरवेळी नारळ दिलाय. त्यांनी 'राखीव खेळाडू' सुचवलंय. ते मला अजिबात पटत नाही, त्यात 14 संघ कुठे आले? आठ दिवस आहेत हातात, सुचवा.

वेलदोडा:
बारा गावचं पाणी प्यालेला! इथे तर चौदा गावं आहेत.

सांताक्लारावाली:
वेलदोडा, हे आठवलं होतं, पण आमच्याकडे आजी 'बारा गावचं पाणी प्यालेला' म्हणायची तेव्हा तो माणूस बेरकी आहे, त्याच्याशी जपून, असा अर्थ असायचा. जॉन्सन तसा नाही हो.

शब्दवेल्हाळ:
मुळात जर्नीमनचा प्रवासाशी संबंधच नाही, त्यामुळे मुशाफिर, फिरस्ता, भटक्या सगळे बाद. फ्रेंच 'जूर्ने' म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. युरोपात कारागिरांच्या संघांमध्ये तीन पायऱ्या असायच्या, शिकाऊ, मग जर्नीमन, मग मास्टर. जर्नीमन म्हणजे काम पूर्ण शिकलेला पण स्वतःचं दुकान नसलेला, दुसऱ्याच्या दुकानात रोजाने काम करणारा. आपला 'रोजंदार' अगदी तोच, रोज म्हणजे फारसीत दिवसच. पहिल्या पायरीलाही आपल्याकडे शब्द होता, 'उमेदवार'. आता निवडणुकीमुळे तो हातचा गेला पण जुनी माणसं 'दोन वर्षं उमेदवारी केली' म्हणायची ती याच अर्थाने.

फिलीकर:
शब्दवेल्हाळ यांच्या मूळ अर्थाशी सहमत, पण आज इंग्रजीत लोक तो शब्द ऐकतात तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रवासच असतो आणि शब्दाचा अर्थ वापरणाऱ्यांच्या डोक्यात असतो, फ्रेंच कोशात नाही. दुसरं म्हणजे इथे दोन गोष्टींची सरमिसळ होतेय, बॅकअप, म्हणजे बाकावरचा राखीव, वेगळा आणि जर्नीमन वेगळा. रायन फिट्झपॅट्रिक बघा, हार्वर्डचा, 2005 च्या ड्राफ्टमध्ये 250 वा, 9 संघ, आणि नवाच्या नऊ संघांकडून स्टार्ट केलंय, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून खेळलाय, एकूण 147 स्टार्ट, तरी एकही प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेरीचा) सामना नशिबात नाही. तो जर्नीमन पण त्याला बॅकअप कसं म्हणणार? उलट चेस डॅनियल, तेरा-चौदा वर्षं लीगमध्ये आणि स्टार्ट फक्त 5. तो खरा बॅकअप. जॉन्सनमध्ये दोन्ही आहे म्हणून ताईंना एक शब्द पुरत नाहीये.

निर्मळवाणी:
रोजंदार फारसी, मुशाफिर अरबी, उमेदवार फारसी. घरात संस्कृतची एवढी मोठी खाण असताना आपण शेजाऱ्याकडे का जातो कळत नाही. माझी सूचना 'संचारी'. संचारी क्रीडापटू. आणि हा शब्द नुसता फिरणारा या अर्थाने नाही सुचवत मी. रसशास्त्रात स्थायी भाव असतो आणि संचारी भाव येऊन जाऊन त्याला बळ देतात, स्वतः टिकत नाहीत. बाकावरचा खेळाडू हेच तर करतो. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हा तेही लोकांना जड वाटलेच होते, आज कोणाला खटकतात?

वेलदोडा:
संचारी भावाचं स्पष्टीकरण फार आवडलं. पण संचार म्हटलं की मला आधी अंगात येणं आठवतं आणि मग संचारबंदी.

गिरणगावकर:
मला या खेळातलं काही कळत नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. 'बदली' हा शब्द कोणालाच कसा आठवला नाही? माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात बदली होते. बदली म्हणजे रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं, खिशात बदलीचं कार्ड, हातात डबा. कायम कामगारांपैकी कोण आलं नाही ते बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, बाहेर येणार आणि बोटाने दाखवणार, तू, तू आणि तू. बाकीचे घरी. आणि ज्याला घेतलं त्याला आपला साचा नाही मिळायचा, जो माणूस आला नाही त्याचा. वडील सांगायचे प्रत्येक साच्याची खोड वेगळी, एकाचा धोटा अडतो, दुसऱ्याचा धागा सारखा तुटतो, कायमवाल्याला त्या खोडी पाठ असतात, बदलीला अर्ध्या तासात ओळखाव्या लागतात कारण कापडाला डाग लागला तर पुढच्या वेळी जॉबरचं बोट आपल्याकडे वळत नाही. काम नाही मिळालं की वडील आठच्या आत चाळीत परत, डबा तसाच भरलेला. आई काही बोलायची नाही, आम्हा भावंडांपुढे तो डबा उघडून ठेवायची, चपाती आणि सुकटीची चटणी. लहानपणी मला ते दिवस आवडायचे, सकाळीच खायला मिळायचं म्हणून. कशामुळे मिळायचं ते खूप नंतर कळलं. 1982 चा संप झाला तेव्हाही वडील बदलीच होते.
ताईंचा तो 14 संघांचा माणूस वाचून मला तो डबाच दिसला. बदली क्वार्टरबॅक लिहा.

सांताक्लारावाली:
दादा, वाचून थोडा वेळ काही लिहूच शकले नाही. आणि साच्याच्या खोडीवरून सांगते, डिसेंबर 2018 मध्ये वॉशिंग्टनचे दोन क्वार्टरबॅक पाय मोडून बसले, तिसऱ्याचं जमेना, म्हणून जॉन्सनला बोलावलं. काही दिवसांत मैदानात उतरायचं आणि सहकाऱ्यांची नावंसुद्धा माहीत नाहीत, तर याने मॅडन नावाच्या व्हिडिओ गेममध्ये तो संघ घेऊन खेळून खेळून नावं पाठ केली. 2011 नंतरचा पहिला स्टार्ट, जॅक्सनव्हिलला 16-13 ने जिंकले आणि स्टार्टर म्हणून त्याचा तो कारकिर्दीतला पहिला विजय.

फिलीकर:
आणि नुसती नावं नाहीत, भाषा पण बदलते प्रत्येक संघात. तीच चाल एका संघात शब्दांत सांगतात, म्हणजे 'स्पायडर टू वाय बनाना' ही खरीखुरी चाल आहे, दुसरीकडे आकड्यांत सांगतात, तिथे 9 म्हणजे सरळ पळत सुट. जुनं विसरून नवं बोलायचं आणि तेही पंचवीस-तीस सेकंदात दहा जणांना. शिवाय आठवडाभर सरावात बॅकअपला स्वतःच्या संघाच्या चाली फारशा मिळतच नाहीत, तो समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करतो म्हणजे आपल्या बचावफळीला सराव होतो. जानेवारी 2023 चा फिलाडेल्फियातला सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिलाय, सॅन फ्रान्सिस्कोचे दोघं आधीच जायबंदी, तिसऱ्या पर्डीच्या कोपराला लागलं, चौथा जॉन्सन आला, त्याच्या डोक्याला मार बसला, आणि ज्याला चेंडू धड फेकता येत नाही त्या पर्डीला परत उतरवावं लागलं. 31-7 हरले. मी ईगल्सवाला, म्हणजे फिलाडेल्फियाच्या बाजूचा, माझ्या आजूबाजूला सगळे नाचत होते, पण जॉन्सनला बाहेर नेताना बघून मला नाही नाचवलं. त्यानंतर त्याच वर्षी लीगने तिसऱ्या, आणीबाणीच्या क्वार्टरबॅकचा नियम परत आणला, म्हणजे दोघं जायबंदी झाले तर तिसरा उतरवता यावा.

शब्दवेल्हाळ:
बदली शब्द भावला, गिरणगावकरांचं लिखाण तर फारच. पण अडचण सांगतो, आज 'बदली' वाचलं की नव्वद टक्के लोकांना तहसीलदाराची बदली आठवते. दुसरं, पेपरात सामना चालू असताना जो उतरतो त्याला 'बदली खेळाडू' म्हणतातच, म्हणजे नव्वद मिनिटांच्या फुटबॉलमध्ये रोज तीन-चार बदली असतात, त्यातला कोणी जर्नीमन नसतो. आणि 14 संघ इथेही निसटतातच. माझं मत अजून रोजंदार. ही माणसं सरावसंघात (मुख्य चमूबाहेर, फक्त सरावासाठी ठेवलेले) असतात तेव्हा पगार खरंच आठवड्याच्या हिशोबाने मिळतो, म्हणजे अर्थही जुळतो.

गिरणगावकर:
रोजंदार नको साहेब. रोजंदारीवर कोणालाही घेतात, माती उचलायलाही. बदलीला काम पूर्ण येत असतं, कायमवाल्याइतकंच येत असतं, फक्त जागा नसते. शिकलेला पण दुकान नसलेला, हे वर तुम्हीच लिहिलंय.

कऱ्हाडचा_अभिजित:
शिलेदार. बारगिराला घोडा सरकारातून, शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं, ज्याला गरज त्याच्याकडे चाकरी. हा आपला हात घेऊन 14 सरदारांकडे गेला. शीळ घालत फिरणारा तो शिलेदार असं आमचे इतिहासाचे सर सांगायचे.

निर्मळवाणी:
शीळ नव्हे, 'सिलाह' म्हणजे शस्त्र, अरबी. हत्यार बाळगणारा तो शिलेदार. आणि आज शिलेदार म्हणजे पक्षाचा निष्ठावंत असा अर्थ झालाय, म्हणजे बरोबर उलटा.

वेलदोडा:
बांधकामावर बिगारी, गवंडी, मिस्त्री अशी चढण आहे, मधला गवंडी चालेल का?

शब्दवेल्हाळ:
गवंडी पायरी म्हणून बरोबर बसतो, पण गवंडी क्वार्टरबॅक म्हटलं तर वाचक वीट शोधेल. बिगारीचं मूळ बेगार, म्हणजे बिनपैशाची वेठ, ते तर कानात नकोच.

सांताक्लारावाली:
मी दोन्ही घालून बघितलं, 'चौदा संघांचा बदली' असं. संपादकांना पाठवलंय, अजून उत्तर नाही. गिरणगावकर दादा, तुमचा मजकूर तुमच्या परवानगीशिवाय कुठे वापरणार नाही, पण परवानगी दिलीत तर त्या डब्याबद्दल दोन ओळी लेखात घ्यायच्या आहेत.

गिरणगावकर:
घ्या की. फक्त गिरणीचं नाव विचारू नका.

निर्मळवाणी:
गिरणगावकर, एक विचारायचं होतं. तुम्ही सगळीकडे 'साचा' लिहिलंय. कापड विणतात तो माग ना? साचा म्हणजे तर ओतकामाचा.

गिरणगावकर:
इचलकरंजी, मालेगावला माग म्हणतात, यंत्रमाग. मुंबईच्या गिरणीत साचाच. विणकर नाही म्हणायचो आम्ही, साचेवाला. खात्याचं नाव साचे खातं. सूत काततात ते थ्रॉसल खातं.

कऱ्हाडचा_अभिजित:
थ्रॉसल इंग्रजीच असणार ना? कशावरून आलं असेल?

शब्दवेल्हाळ:
इंग्रजीच. थ्रॉसल नावाचा एक गाणारा पक्षी आहे आणि कातायचं ते जुनं यंत्र चालताना तसा आवाज करायचं म्हणून ते नाव. गिरणगावकर, वडिलांनी कधी सांगितलं होतं का, आवाज कसा असायचा त्या खात्यात?

गिरणगावकर:
पक्ष्यासारखा नव्हता. वडील साच्यातले, तिथे तर बाजूच्या माणसाचंही ऐकू यायचं नाही, खुणांनीच बोलायचे. घरी आल्यावर पण आम्हाला पाणी मागायचं तर अंगठा ओठाला लावायचे.