हळद, चुना आणि कमळ

झाड-पान काढलं की ते निसर्गचित्रच होतं, भक्ती दिसायला देव काढावाच लागतो, असं एकांनी लिहिलंय. मला काही पटलं नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, बघा. रट्ट राजांच्या काळातली, 1204 ची. गाभाऱ्यात तीर्थंकर नेमिनाथांची मूर्ती आहेच, पण मंडपात मान वर केली की छतातून खाली लोंबणारं दगडी कमळ दिसतं. पाकळीखाली पाकळी, काळाभोर दगड, तरी आता उमलेल असं वाटतं. मी तिथं तासभर स्केच करत बसलो, मान आखडली. हात जोडले गेले ते आधी त्या कमळालाच, खरं सांगतो.

चित्रकार सय्यद हैदर रझांनी तर एका बिंदूत सृष्टीचं बीज बघितलं आणि पुढे अखेरपर्यंत ते रंगवत राहिले.

माझा स्वतःचा उद्योग सांगतो. सौंदत्तीहून आणलेला यल्लम्माचा भंडारा घरात होता. त्यातली चिमूटभर हळद पाण्यात कालवून कागदावर माळ रंगवला आणि सूर्याच्या जागी ओल्या हळदीवर चुन्याचं बोट टेकवलं. बघता बघता लाल! कुंकू असंच तर करतात की ओ, हळदीला चुना लावून. म्हणजे प्रतीक शोधायला लांब जायलाच नको, ते रंगातच होतं.

फक्त असलं चित्र उन्हात टांगू नका. हळद उडते. माझा माळ दोन महिन्यांत पांढराफटक झाला, बायको म्हणाली, दुष्काळ पडला वाटतं.