मुरमाड रानाला बॉक्स ब्लेड घ्यावी की साधी लेव्हलर ब्लेड?

माळरान_सांगोला
ट्रॅक्टर ४५ एचपी, टू-व्हील (फक्त मागची चाकं ओढणारा). कामं दोन: डाळिंबाच्या बागेकडं जाणारा ३०० मीटर मुरमाचा रस्ता नीट ठेवायचा आणि नव्या लागवडीसाठी दोन एकर माळ सारखा करायचा. माझं मत सहा फुटी, पाच दातांच्या बॉक्सचं, म्हणजे ट्रॅक्टरमागं जोडायची, दात, पाती आणि बाजूला पत्रे असलेली पेटी. कडक मुरमावर साधी ब्लेड, म्हणजे नुसतं एक पातं, घसरते. बॉक्सचे दात आधी फोडतात, मागून पातं खरवडतं, आणि बाजूच्या पत्र्यांमुळं माती न सांडता उंचवट्यावरनं खड्ड्यापर्यंत जाते. ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासकट लिहा.

पाणंद_रस्ता
दादा, रस्त्यासाठी बॉक्स चुकीचा. मुरमाचा रस्ता चाकांपेक्षा पाण्यानं जास्त बिघडतो. आपल्याकडं सप्टेंबरचा परतीचा पाऊस जोरात येतो, आणि मधे फुगवटा नसला की पाणी चाकोरीतनं वाहतं, मुरूम कडेला जातो. तो परत मध्यावर ओढायला ब्लेड तिरकी करावी लागते. साधी होते, बॉक्स होत नाही. कडेचा चरही साध्या ब्लेडनंच निघतो.

माळरान_सांगोला
फुगवटा बॉक्सनं निघतो की. दहा फुटी रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत दोन-अडीच इंच उतार पुरतो. उजवा लेव्हलिंग रॉड (ट्रॅक्टरचा मागचा खालचा हात उचलणारा दांडा) आखूड करा, म्हणजे बॉक्सची डावी बाजू खाली राहते. जाताना डाव्या अंगानं जा, येताना परत डाव्याच अंगानं या. दोन्ही वेळा कडच खाली कापली जाते.

पाणंद_रस्ता
कापली जाते, मान्य. पण कडेला साचलेला मुरूम मध्यावर कोण आणणार? खोऱ्यानं ३०० मीटर?

वेल्डिंग_अक्कलकोटरोड
दोघंही वजनाचं बोलत नाही. सहा फुटी बॉक्स अडीचशे किलोच्या खाली असेल तर कडक मुरमावर उड्या मारणार, दात कितीही चांगले असू देत. आणि रुंदी ठरवायची ती टायरवरनं: मागच्या टायरच्या बाहेरच्या कडा टेपनं मोजा, बॉक्स दोन्हीकडं किमान तीन इंच जास्त हवा. नाहीतर सपाट केलेल्यावर स्वतःच्याच चाकाची चाकोरी उमटते.
घेताना कापणारी पट्टी हात लावून बघा. वेल्डिंगनं चिकटवलेली नको. बोल्टची, दोन्ही कडांना धार असलेली घ्या. एक कड झिजली की उलटी करता येते. ट्रॅक्टरमागं अवजार जोडायच्या खालच्या दोन हातांच्या पिना २८ एमएम आणि टॉपलिंकची (वरच्या मधल्या दांड्याची) २५ एमएम असेल तर जोडणीचं माप कॅटेगरी दोन. २२ आणि १९ असतील तर कॅटेगरी एक. बारीक पिनेवर बुश (जाडी भरून काढणारी नळी) न घालता जोडलं तर खेळ राहतो, भोकं लांबट होतात.

काळीमाती_मंगळवेढा
बॉक्सच्या बाजूनं आहे, पण फक्त मुरमासाठी. आमच्या काळ्या रानात वाफसा जरा जास्त असला की पेटी चिकट मातीनं भरून बसते, रिकामीच होत नाही. तिथं केणी (माती ओढून सारखी करायचं अवजार) किंवा साधी ब्लेडच.
माळावर एक काळजी घ्या. वरची चार इंच माती आधी एका कडेला काढून ठेवा, मग मुरूम सारखा करा, मग ती पसरा. थेट ओढलं तर चांगली माती सगळी खड्ड्यात जाते आणि उंचवट्यावर उघडा मुरूम राहतो. उतारही पूर्ण घालवू नका, डाळिंबाला पाणी साचलेलं चालत नाही.

वेल्डिंग_अक्कलकोटरोड
वापरताना बिघडतं ते बहुतेक टॉपलिंकमुळं. आखूड केली की बॉक्स पुढं झुकतो, दात आणि पुढचं पातं खोल जातं. लांब केली की भार मागच्या पात्यावर येतो आणि फिनिशिंग होतं. आखूडच ठेवून फिनिशिंग केलं तर रस्त्यावर लाटा उठतात: चाक उंचवट्यावर चढलं की पातं वर, उतरलं की खोल. पहिल्या फेऱ्यांना दात पात्याखाली दोन-तीन इंच, शेवटच्या फेऱ्यांना पूर्ण वर. लिव्हर पोझिशन कंट्रोलवर (अवजार ठरल्या उंचीवर धरणारं), चेक चेन (खालचे हात बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) घट्ट. दात जमिनीत असताना वळायचं नाही, रिव्हर्स तर मुळीच नाही; वाकतात, लिंकेजवरही ताण येतो.

माळरान_सांगोला
चराला आणि कडेच्या मुरमाला माझ्याकडं उत्तर नाही, हे पाणंदवाल्यांचं खरं. पण माळ फोडायला साधी ब्लेड मला अजून पटत नाही. सहा फुटी, बोल्टच्या पट्टीचा आणि तीनशे किलोच्या आसपासचाच बॉक्स बघतोय. चर हातानं किंवा भाड्याच्या ब्लेडनं काढू.

पाणंद_रस्ता
दर पावसाळ्याआधी भाड्यानं? त्यापेक्षा माळ फोडायला एकदाच भाड्यानं मशीन लावा आणि घरी ब्लेड ठेवा. रस्ता दरवर्षी लागतो, माळ एकदाच.