टाचेची सूज कोणाची? जंतूंची की मेलेल्या पेशींची?

काळी माती (यवतमाळकडचा)
परवा तुरीच्या वावरात निंदताना बाभळीचा काटा चप्पल फोडून टाचेत गेला. रात्रीपर्यंत टाच भाकरीसारखी फुगली. मेडिकलवाला म्हणे, "जंतू गेलेत." मला पटलं नाही. माझ्या मते पहिली बोंब मारतात त्या काट्यानं फुटलेल्या पेशी.

पेशी ठरवूनही मरते. आकसते, तुकडे होतात, पण पडदा फाटत नाही. पडद्याच्या आतल्या अंगाचं एक स्निग्ध द्रव्य बाहेरच्या अंगाला येतं, ती खूण पाहून मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, तिला गिळतात. शेजारपाजाऱ्याला पत्ता नाही. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी याला अपॉप्टोसिस म्हटलं. मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. फुटून मेलेली पेशी मात्र आतलं सारं बाहेर सांडते. एटीपी आत असतं तोवर इंधन, बाहेर आलं की धोक्याची खूण. विस्तव चुलीत बरा, छपरावर गेला की गाव गोळा होतं.

लॅबवाली
पानगळ छान, पण काटा मातीतला होता ना? जंतूंच्या भिंतीचे तुकडे आपल्या पेशी थेट ओळखतात. त्यासाठी आधी कोणी मरावं लागत नाही.

काळी माती
मग पोळ्याला माझा घोटा मुरगळला तेव्हा? कातडी शाबूत, जंतू नाही, तरी नळकांडं झालं होतं. रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासक पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये हेच मांडलं: शरीर परक्यापेक्षा धोक्याला जास्त बिचकतं.

लॅबवाली
घोटा दिला तुम्हाला. टाचेत दोन्ही आहेत, हट्ट सोडा.

गडचिरोलीची आई
सूज म्हणजे गाव मदतीला धावलं, असं वाटत असेल तर माझं ऐका. पोरगा सिकलसेलचा, रक्ताचा जन्मजात आजार. वर्षाचाही नव्हता तेव्हा दोन्ही हातांची बोटं वांग्यासारखी सुजली. काटा नाही, मुरगळ नाही. विळ्यासारख्या लाल पेशी बारीक नसांत अडकतात, हाडाचा तुकडा रक्तावाचून मरतो. वर फुटलेल्या लाल पेशींमधलं हीम, म्हणजे लोह धरणारं द्रव्य, रक्तात सुटून आणखी आग लावतं. ही सूज काय साफ करते? पोरगं रात्रभर रडत होतं.

काळी माती
ताई, तुमच्यापुढे माझी टाच काहीच नाही. सूज नेहमी कामाचीच, असं मी म्हणत नाही. पण विझवणारेही त्यातच असतात. पू म्हणजे बहुतेक मेलेले न्यूट्रोफिलच, जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. ते वेळेत गिळले गेले, तर गिळणारा मॅक्रोफेज आयएल-१० हा 'शांत व्हा' असा निरोप सोडतो आणि भडका शांत होऊ लागतो. गिळायला उशीर झाला की तेही फुटतात.

वऱ्हाडी पाहुणा
भाऊ, सारं खरं असंन, पन काटा निंगाला का? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का नाई?

काळी माती
घेतलं. टोक आतच आहे. उद्या तालुक्याला जातो.

लॅबवाली
म्हणजे परवापासून तो रोज नव्या पेशी फोडतोय, आणि तुम्ही इथं धागा काढून बसलात!