मदत हवी आहे: रक्तदाब जास्त, तरी स्मृतिभ्रंश कमी? कोहोर्टच्या डेटातून उलटे निकाल येताहेत

आकडेमोड:

नमस्कार मंडळी. हृदयविकार, पक्षाघात आणि मेंदूचे आरोग्य अशा तिन्हींची जोखीम मोजणाऱ्या एका कोहोर्टच्या (म्हणजे वर्षानुवर्षे पाठपुरावा केलेल्या एकाच लोकसमूहाच्या) डेटावर काम चालू आहे. प्रवेशाच्या वेळी सहभागींचे वय ४० ते ८५. पहिल्या तपासणीत रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी, तंबाखू आणि चालू औषधे यांची नोंद. पुढे दर तीन वर्षांनी फेरी, प्रत्येक फेरीत मोका (स्मृती आणि आकलनाची ३० गुणांची) चाचणी. पक्षाघात आणि हृदयविकाराचा झटका रुग्णालयाच्या कागदांवरून, मृत्यू नोंदणीवरून.

कॉक्स मॉडेल (घटना घडण्याचा वेग कोणत्या घटकाने किती बदलतो ते सांगणारे) लावले आहे. काळ म्हणजे पहिल्या तपासणीपासूनचे दिवस, वय सहचल (सोबत धरलेला घटक) म्हणून. तीन गोष्टींनी डोके फिरले आहे:

१) वरचा रक्तदाब वाढला की पक्षाघात वाढतो, ते ठीक. पण स्मृतिभ्रंशासाठी हॅझार्ड रेशो (घटनेच्या वेगाचे गुणोत्तर; १ म्हणजे फरक नाही) १ च्या खाली येतो, आणि सत्तरीपुढच्यांत तर आणखी खाली.

२) 'रक्तदाबाची गोळी घेतात: हो/नाही' हा रकाना टाकला की गोळी घेणाऱ्यांनाच पक्षाघात जास्त.

३) फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन कोहोर्टवरून बांधलेले १९९१ चे पक्षाघाताचे सूत्र लावले तर भाकीत प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त.

डेटा गंडलाय की मी?

---

उलटी_गंगा:

बहुधा दोन्ही नाही. तिन्ही निकाल 'असेच येणार' या जातीचे आहेत. पहिल्यापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथेच आहे.

स्मृतिभ्रंशाचे निदान होते त्याच्या कितीतरी वर्षे आधी मेंदूत बिघाड सुरू झालेला असतो. त्या काळात भूक मंदावते, वजन उतरते आणि रक्तदाबही खाली येतो. म्हणजे ७५ व्या वर्षी मोजलेला कमी रक्तदाब हा पुष्कळदा आजाराचा परिणाम असतो, कारण नव्हे. वजनाचेही तसेच: उतारवयात बारीक लोकांत स्मृतिभ्रंश जास्त दिसतो तो याच चकव्यामुळे.

एरिक या अमेरिकन कोहोर्ट अभ्यासात (१९८७–८९ मध्ये ४५ ते ६४ वयाचे १५,७९२ सहभागी) हे चांगले उलगडले. मध्यवयात रक्तदाब जास्त होता आणि पुढे म्हातारपणी तो जास्तच राहिला किंवा फार खाली आला, अशा दोन्ही गटांत स्मृतिभ्रंश अधिक होता. तुलना कायम सामान्य रक्तदाब असलेल्यांशी. एकाच मापावर भिस्त ठेवली असती तर दुसरा गट 'कमी रक्तदाबवाला' म्हणून मोजला गेला असता.

करायचे काय:

आधी काळाची पट्टी बदला. दिवसांऐवजी वय हाच काळ धरा आणि उशिरा प्रवेश द्या, म्हणजे मॉडेलला तीन रकाने जातील: प्रवेशाचे वय, बाहेर पडण्याचे वय, घटना घडली की नाही. स्मृतिभ्रंश वयाबरोबर इतका झपाट्याने वाढतो की सरळ रेषेतला वयाचा एक सहगुणक (मॉडेलने घटकाला दिलेला आकडा) त्याला पुरत नाही.

मग रक्तदाब मोजला तेव्हाच्या वयानुसार सहगुणक वेगळे काढा: ४०–५९, ६०–६९, ७० च्या पुढे. सरसकट एक आकडा छापू नका, तो कुणाचाच नसतो.

त्यानंतर पहिल्या पाच वर्षांतले स्मृतिभ्रंश वगळून पुन्हा चालवा, मग आठ वर्षांतले वगळून. वगळताना ती माणसे मॉडेलमधून नुसती पुसायची नाहीत. पाचव्या वर्षी जिवंत आणि आजारमुक्त असलेल्यांपासून घड्याळ सुरू करायचे; त्याआधी आजार झालेला असो की मृत्यू, दोन्ही सारखेच बाहेर. अर्धवट पुसण्याने नवीनच घोळ होतो. हॅझार्ड रेशो १ कडे किंवा वर सरकत गेला तर उलट कार्यकारणाचा संशय पक्का.

---

तिसरी_फेरी:

उलटी_गंगा यांच्याशी सहमत, पण मृत्यू विसरू नका. जास्त रक्तदाबवाले हृदयविकाराच्या झटक्याने आणि पक्षाघाताने आधीच जातात. स्मृतिभ्रंशाच्या वयाला पोचतच नाहीत. इथे लोक हमखास फाइन-ग्रे मॉडेल लावतात आणि त्याचा अर्थ चुकीचा सांगतात. त्या मॉडेलमध्ये मेलेली माणसेही जोखमीच्या गटात राहतात, त्यामुळे एखादी गोष्ट फक्त माणसे लवकर मारत असली तरी ती स्मृतिभ्रंश 'टाळते' असे दिसते. गणित चुकलेले नसते, प्रश्न वेगळा असतो. 'शंभरातल्या किती जणांना दहा वर्षांत स्मृतिभ्रंश होईल, किती खाटा लागतील' यासाठी फाइन-ग्रे. 'रक्तदाबामुळे स्मृतिभ्रंश होतो का' यासाठी कारणनिहाय हॅझार्ड, म्हणजे मृत्यूला सेन्सॉर करून (मृत्यूच्या दिवशी त्या माणसाचा पाठपुरावा संपला असे धरून) साधे कॉक्स. दोन्ही शेजारी छापा आणि मृत्यूचे मॉडेलही सोबत द्या.

तुमच्याकडे आणखी एक भोक आहे. स्मृतिभ्रंश फेरीतच कळतो आणि दोन फेऱ्यांत तीन वर्षे. एखाद्याला फेरीनंतर वर्षभरात आजार झाला आणि पुढच्या फेरीआधी तो गेला, तर तुमच्या नोंदीत तो 'आजाराविना मृत्यू'. जास्त रक्तदाबवाल्यांत असे मृत्यू अधिक, म्हणून त्यांचेच स्मृतिभ्रंश अधिक गळतात, आणि निकाल पुन्हा त्याच उलट्या दिशेला झुकतो. उपाय म्हणजे तीन अवस्थांचे मॉडेल: निरोगी, आजारी, मृत. आजाराची तारीख 'मागची निरोगी फेरी ते निदानाची फेरी' अशा पट्ट्यात द्यायची. 'आर' या सांख्यिकीच्या संगणकप्रणालीत स्मूथहॅझार्ड आणि एमएसएम ही पॅकेजे यासाठी आहेत.

एक विचारायचे राहिले: स्मृतिभ्रंश ठरवला कसा?

---

आकडेमोड:

मोकात २६ च्या खाली गुण म्हणजे स्मृतिभ्रंश, असा रकाना केला आहे.

---

तिसरी_फेरी:

अहो, मग निम्मे दुखणे इथेच आहे! २६ ही रेषा सौम्य आकलनदोष चाळून काढण्यासाठी आखलेली आहे. ३० पैकी २६ च्या खाली गुण मिळालेली पण स्वतःचे सगळे व्यवहार स्वतः करणारी माणसे ढिगाने सापडतील. चाचणीत शिक्षण १२ वर्षे किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून द्यायचा असतो, पण जेमतेम लिहितावाचता येणाऱ्याला त्या एका गुणाने काही होत नाही. घनाकृती काढणे, घड्याळ काढणे, शंभरातून सात-सात वजा करणे यांत शाळा मोजली जाते, मेंदूचा आजार नव्हे. शिवाय पहिल्याच फेरीत २६ च्या खाली असलेल्यांना 'नवा' स्मृतिभ्रंश कसा होणार?

स्मृतिभ्रंश म्हणायला दोन गोष्टी हव्यात: आधीच्या पातळीवरून घसरण, आणि रोजच्या व्यवहारात परावलंबन. म्हणून टप्पे करा. मोकाचे गुण वय आणि शिक्षण यांच्या गटातल्या सरासरीशी ताडून प्रमाणित करा. त्यात फार खाली असणारे किंवा दोन फेऱ्यांत स्पष्ट घसरलेले वेगळे काढा. त्यांची सविस्तर चाचणी, घरच्या माणसाची मुलाखत (पैशांचा हिशेब, औषधे वेळेवर घेणे, एकट्याने प्रवास), आणि मग दोन तज्ज्ञांकडून स्वतंत्र निर्णय, दोघांनाही रक्तदाबाची नोंद न दाखवता. एवढे शक्य नसेल तर स्मृतिभ्रंश हा शब्दच वापरू नका. गुणांची घसरण हा परिणाम धरा आणि मिश्र परिणाम मॉडेल (एकाच माणसाची अनेक मापे एकत्र हाताळणारे) लावा. पहिल्या फेरीकडून दुसऱ्या फेरीकडे जाताना सरावाने गुण वाढतात, म्हणून 'पहिली फेरी' असा एक रकाना त्यात टाका.

आणि पक्षाघातात वाचा गेलेल्यांचे मोका गुण नेहमीच्या गुणांत मिसळू नका. तिथे भाषा तपासली जाते, स्मृती नाही.

---

उलटी_गंगा:

फेरीला न आलेल्यांबद्दलही. ज्यांचा मेंदू खालावतोय तेच यायचे थांबतात. घरच्यांची फोनवर मुलाखत घेऊन किमान स्मृतिभ्रंशाचा रकाना तरी भरा. एरिकमध्येही न येणाऱ्यांसाठी फोनवरची आकलन चाचणी आणि माहितगाराची मुलाखत वापरली. उरलेल्यांसाठी उलट संभाव्यतेची वजने: मागच्या फेरीचे गुण, वय, शिक्षण, पक्षाघात, धूम्रपान यांवरून 'येण्याची' संभाव्यता काढायची, तिचा व्यस्त म्हणजे वजन. एखाद्याचे वजन ४० आले तर तो एकटाच निकाल फिरवतो, म्हणून पहिल्या आणि ९९ व्या शतमकावर वजने छाटा. मृत्यूमुळे न आलेल्यांना मात्र वजन देऊ नका. मेलेल्याचे गुण काय असते हा प्रश्नच निरर्थक आहे.

---

पारा_१२०:

दुसऱ्या प्रश्नाला हात घालतो. गोळी त्यांनाच दिली जाते ज्यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे जास्त होता. गोळीचा रकाना हा जुन्या रक्तदाबाचा दाखला आहे, गोळीच्या परिणामाचा नव्हे. त्यावरून 'गोळीने पक्षाघात होतो' असे एक वाक्यही लिहू नका.

कारण शोधत असाल तर गोळी घेणाऱ्यांना वगळूही नका आणि नुसता रकाना टाकूनही भागवू नका. दोन्हींत रक्तदाबाचा खरा परिणाम दबतो. रूढ उपाय म्हणजे गोळी घेणाऱ्यांच्या मोजलेल्या वरच्या रक्तदाबात १० मिमी मिळवणे, आणि १५ मिळवून निकाल किती हलतो ते पाहणे. ओबडधोबड आहे, पण काही न करण्यापेक्षा बरा. जोखमीचे भाकीत करत असाल तर गोष्ट वेगळी: तिथे गोळीचा रकाना हवाच, शिवाय रक्तदाब आणि गोळी यांचा गुणाकारही. १९९१ च्या सूत्रातही गोळी घेणाऱ्यांसाठी रक्तदाबाचा हिशेब वेगळा आहे.

औषधाचा परिणाम चिठ्ठी टाकून गट पाडलेल्या उपचार-चाचण्यांतून घ्या. स्प्रिंट या अशाच चाचणीत ५० च्या पुढचे, मधुमेह आणि पक्षाघात नसलेले ९,३६१ जण होते. निम्म्यांचे लक्ष्य १२० च्या खाली, निम्म्यांचे १४० च्या खाली. २०१९ च्या अहवालात संभाव्य स्मृतिभ्रंशाचा हॅझार्ड रेशो ०.८३ होता, पण विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असू शकतो तो पट्टा) ०.६७ ते १.०४, त्यात १ येतो, म्हणजे निर्णायक नाही. सौम्य आकलनदोषासाठी ०.८१ (०.६९ ते ०.९५). चाचणी लवकर थांबवली गेली, त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या घटना कमी जमल्या, हे लक्षात ठेवून वाचा.

आता थोडे मोजमापाचे. वरच्या रक्तदाबाच्या शेवटच्या अंकाचा तक्ता काढा. पाऱ्याच्या यंत्रावर दोनच्या पटीत वाचन होत असेल तर ०, २, ४, ६, ८ प्रत्येकी साधारण २० टक्के यायला हवेत. शून्य ४० टक्के असेल तर मोजणारा अंदाजाने लिहीत होता. हाच तक्ता मोजणाऱ्यानुसार पुन्हा काढा, गुन्हेगार लगेच सापडतो. फेऱ्यांमध्ये यंत्र बदलले का तेही विचारा. पाऱ्यावरून डिजिटलवर जाताना सगळ्या कोहोर्टचा रक्तदाब एका रात्रीत 'बदलतो'. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. तीन वाचने असतील तर पहिले सोडून उरलेल्या दोहोंची सरासरी घ्या.

एवढे करूनही एका दिवसाचे माप म्हणजे माणसाचा नेहमीचा रक्तदाब नव्हे. काही जणांचे पुनर्मापन असेल तर दुसऱ्या मापाचे पहिल्यावर समाश्रयण (रिग्रेशन) करा. उतार समजा ०.६ आला आणि मॉडेलचा सहगुणक ०.०१२ असेल, तर नेहमीच्या रक्तदाबासाठी तो ०.०१२ भागिले ०.६ म्हणजे ०.०२० होतो. विश्वासांतरही त्याच प्रमाणात रुंदावते, ते विसरले जाते.

---

तिसरी_फेरी:

राहिले १९९१ चे सूत्र. ते ५५ ते ८४ वयासाठी बांधलेले आहे. चाळिशीतल्यांना लावलेच कसे? आधी ती माणसे बाजूला काढा.

मग घटनेची व्याख्या जुळवा. तिथे काय मोजले आणि तुम्ही काय मोजता? क्षणिक पक्षाघात (थोड्या वेळात आपोआप ओसरणारे) धरलेत की नाहीत, केवळ रुग्णालयात पोचलेलेच पक्षाघात आहेत का? घरीच गेलेल्यांच्या नोंदी नसतील तर सूत्र जास्त सांगत नाहीये, तुम्ही कमी मोजताय.

तरीही फरक उरेल. फ्रॅमिंगहॅमची सुरुवात १९४८ ची, ५,२०९ जणांची. पुढे रक्तदाबाचे उपचार वाढले, धूम्रपान घटले, पक्षाघाताचे प्रमाणही उतरले. म्हणूनच २०१७ मध्ये सूत्र सुधारले आणि ईसीजीवरची डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची) वाढ हा घटक काढून टाकला. सुधारित सूत्रही ताडून पाहा.

ताडायचे असे: भाकिताप्रमाणे दहा समान गट, प्रत्येक गटात सरासरी भाकीत आणि दहा वर्षांची प्रत्यक्ष संचित घटना (मृत्यूला स्पर्धक धरून). दहाही गटांत सारखेच जास्त येत असेल तर फक्त पाया बदला. जोखीम = १ वजा (पाया, म्हणजे सरासरी माणसाची पक्षाघाताविना राहण्याची संभाव्यता, तिचा घातांक e^फरक); फरक म्हणजे त्या माणसाचे जोखीम-गुण वजा सरासरी. फरक ०.७ असेल तर तो घातांक साधारण २. पाया ०.९५ असेल तर जोखीम सुमारे १० टक्के. तुमच्या लोकसमूहाचा पाया ०.९७ असेल तर त्याच माणसाची सुमारे ६. सहगुणकांना हात न लावता एवढी तफावत मिटते. सरासरीही तुमच्याच डेटाची घ्यायची; लोक पाया बदलतात आणि सरासरी फ्रॅमिंगहॅमचीच ठेवतात, मग पुन्हा इथे येऊन विचारतात. फक्त वरच्या गटांत फुगवटा असेल तर भाकिताच्या तुलनेत प्रत्यक्षाचा उतार १ पेक्षा कमी आहे, तेव्हा सगळे सहगुणक त्या उताराने गुणून आखडा. सी-सांख्यिकी चांगली आली म्हणून खूश होऊ नका. तिला फक्त क्रम कळतो, आकडा नाही.

---

आकडेमोड:

सगळ्यांचे आभार. वय हाच काळ धरून, मोकाची २६ ची रेषा काढून टाकून गुणांची घसरण हा परिणाम घेतला. ४०–५९ च्या गटात जास्त रक्तदाबवाल्यांची घसरण आता वेगाने होताना दिसते. सत्तरीपुढे अजून सपाट आहे. शेवटच्या अंकात शून्य फारच जास्त निघाले, तेही दोनच मोजणाऱ्यांकडे. एक शंका: कोलेस्टेरॉलचा पक्षाघाताशी संबंधच दिसत नाही. हेही मोजमापातलेच?

---

पारा_१२०:

नाही. रक्तस्रावाचा आणि गुठळीचा पक्षाघात एकत्र मोजलाय ना? एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) वाढले की गुठळीचा वाढतो. एलडीएल फार कमी असलेल्यांत रक्तस्रावाचा थोडा जास्त दिसतो. दोन्ही बेरजेत एकमेकांना खातात. स्कॅनचे अहवाल काढा, प्रकार वेगळे करा, आणि स्कॅनच न झालेल्यांचा 'अनिश्चित' हा तिसरा गट ठेवा. त्यांना मुकाट्याने गुठळीत ढकलू नका. त्या दोन मोजणाऱ्यांच्या नोंदी वगळूनही एकदा चालवून पाहा.