मदत हवी आहे: जम्बो सिलेंडरमधल्या ऑक्सिजनचे रेणू किती? २२.४ घ्यायचे, २२.७ की तिसरंच काही?

नमस्कार मंडळी,

भाची यंदा अकरावी सायन्सला आहे आणि मोल कन्सेप्टच्या (एक मोल म्हणजे ६.०२२ × १०^२३ रेणू) एका गणितावर आम्ही दोघी अडकलोय. कोविडमध्ये सगळ्यांना माहीत झालेला तो जम्बो म्हणजे डी टाइप सिलेंडर, त्यात पाणी भरलं तर ४६.७ लिटर मावतं, फुल असला की गेजवर साधारण १५० बार, आणि त्यात ७ क्युबिक मीटर ऑक्सिजन आहे असं म्हणतात. तर आत रेणू किती?

मी आपलं आमच्या वेळच्या पद्धतीने केलं, ७००० लिटर भागिले २२.४ (एक मोल वायू जितके लिटर जागा घेतो तो आकडा), म्हणजे ३१२.५ मोल, गुणिले ६.०२२ × १०^२३, उत्तर १.८८ × १०^२६. तिच्या क्लासच्या नोट्समध्ये २२.४ च्या जागी २२.७ आहे, त्याने १.८६ येतं, ते एक वेळ समजू शकते. पण तिने पीव्ही = एनआरटी (प्रेशर गुणिले व्हॉल्यूम = मोल गुणिले वायूचा स्थिरांक गुणिले तापमान) लावून थेट सिलेंडरचंच केलं, प्रेशर १५० बार, व्हॉल्यूम ४६.७ लिटर, तापमान २७ डिग्री म्हणजे ३०० केल्विन, तर २८१ मोल आले आणि उत्तर १.६९ × १०^२६. सिलेंडर तोच, मग इतका फरक कसा? ती खूप मनापासून विचारतेय, "तसंच असतं, पाठ कर" असं मला तिला सांगायचं नाहीये.

प्रतिसाद १

ताई, भाचीचं बरोबर आहे. २२.४ हा आकडा फक्त ० डिग्री आणि १ अ‍ॅटमॉस्फिअरला चालतो. १९८२ मध्ये आययूपॅकने (रसायनशास्त्राची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) स्टँडर्ड प्रेशर १ अ‍ॅटमॉस्फिअरवरून १ बार केलं, प्रेशर जरासं कमी झालं म्हणून व्हॉल्यूम जरासा वाढून २२.७ झाला, तापमान मात्र ० डिग्रीच राहिलं. आता सिलेंडरचे ते ७ क्युबिक मीटर कुठून आले बघा, ४६.७ गुणिले १५० केलं की ७००५. म्हणजे हाच गॅस त्याच तापमानाला १ बारवर सोडला तर किती जागा व्यापेल तो हा आकडा, आणि आपल्याकडे ते तापमान ० डिग्री नसतं. २७ डिग्रीला १ बारवर एक मोल २४.९ लिटर जागा घेतो, ७००० ला त्याने भागून बघा, २८१ च येतात.

आणि तिला थेट रेणूंची संख्या काढायची असेल तर पीव्ही = एनकेटी वापरू दे, इथे एन म्हणजे मोल नाही तर रेणूंची संख्या, के म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक १.३८ × १०^-२३, प्रेशर पास्कलमध्ये आणि व्हॉल्यूम क्युबिक मीटरमध्ये. मोल मध्ये आणायचीच गरज नाही. हे मला जास्त आवडतं कारण कुठल्या तापमानाला, कुठल्या प्रेशरला हे प्रत्येक वेळी लिहावंच लागतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, दोन गोष्टी अ‍ॅड करतो. गेज नेहमी बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त तेवढंच दाखवतं, खरं प्रेशर काढायला १ बार मिळवावा लागतो. १५० मध्ये त्याने फार बिघडत नाही पण गाडीच्या टायरचं गणित आलं, ३२ पीएसआय वगैरे, तर १४.७ मिळवायला विसरलात की उत्तर पार चुकतं. दुसरं म्हणजे १५० बारला ऑक्सिजन आदर्श वायूसारखा (म्हणजे पीव्ही = एनआरटी तंतोतंत पाळणारा) वागत नाही, रेणू एकमेकांना ओढतात, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण ५ टक्के जास्तच मावतात, म्हणजे १.७७ × १०^२६ च्या आसपास. परीक्षेत १.६९ च लिहायचं.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, २४.९ ने भागल्यावर २८१ आले तेव्हा ती अक्षरशः ओरडली! आता तिचा पुढचा प्रश्न, प्रेशर तापमान काहीच माहीत नसेल तर?

प्रतिसाद २

भरलेला आणि रिकामा सिलेंडर वजन करा. फरक ग्रॅममध्ये घेऊन ३२ ने (ऑक्सिजनच्या एका मोलचं वजन) भागला की मोल, त्याला ६.०२२ × १०^२३ ने गुणलं की रेणू, आणि अणू हवे असतील तर त्याची दुप्पट. तुमच्या २८१ मोलचं वजन ९ किलो भरतं. सप्लायरकडे मोठा काटा असेल तर तिला एकदा घेऊन जा, ते ५ टक्के पण तिथे दिसायला हवेत.