शिकागोत आई-बाबांना बेसबॉलचा सामना दाखवायचा आहे: मैदान कोणते, आणि शाकाहारी माणसाने खावे काय?

सरोवरकाठ:

नमस्कार. शिकागोत राहून बरीच वर्षे झाली, तरी बेसबॉल मी आजवर टीव्हीवर ओझरताच पाहिला आहे. मे महिन्यात आई-बाबा येत आहेत. बाबा तरुणपणी क्लब क्रिकेट खेळले असल्यामुळे एक सामना मैदानावर बसून पाहायचाच, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे. आई शुद्ध शाकाहारी आहे, तिला अंडेही चालत नाही. पण नव्या जागी गेल्यावर तिथले काहीतरी चाखल्याशिवाय तिचे समाधान होत नाही. उत्तरेकडे कब्ज (Cubs) संघाचे रिगली फील्ड आणि दक्षिणेकडे व्हाइट सॉक्स संघाचे मैदान, यांपैकी कुठे न्यावे? सामना दुपारचा पाहावा की रात्रीचा?

डावखुरा:

एकच सामना पाहायचा असेल तर निःसंशय रिगली फील्ड, आणि तोही दुपारचा. १९१४ साली उभ्या राहिलेल्या या मैदानावर १९८८च्या ऑगस्टपर्यंत रात्री खेळण्यासाठी दिवेच नव्हते, आणि आजही शुक्रवारचे सामने बहुतांशी दुपारीच होतात. सीमारेषेवरच्या विटांच्या भिंतीवर चढलेली आयव्हीची वेल, आकडे हाताने बदलावे लागणारा धावफलक आणि रस्त्यापलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बसलेले प्रेक्षक हे सारे उन्हातच खुलून दिसते. वेल मात्र मेच्या सुरुवातीला जेमतेम पालवलेली असते, त्यामुळे शक्य असल्यास महिनाअखेरचा सामना निवडावा.

तिकीट काढताना दोन गोष्टी पाहाव्यात. २०० क्रमांकाच्या विभागांतील मागच्या रांगांमध्ये छताचे खांब आडवे येतात. ते तिकीट स्वस्त का आहे, हे तिथे बसल्यावरच कळते. दुसरे म्हणजे, दुपार कलू लागली की तिसऱ्या बेसच्या (म्हणजे धावपटूच्या तिसऱ्या थांब्याच्या) बाजूला, फलंदाजामागून पाहता डावीकडे, आधी सावली येते. जुलैत ती सुखाची असते, पण मेमध्ये मिशिगन सरोवरावरून वारा सुटला तर सावलीत बसलेली वडीलधारी मंडळी अक्षरशः कुडकुडतात. म्हणून पहिल्या बेसच्या बाजूची, संरक्षक जाळीमागची जागा घ्यावी, कारण फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेला चेंडू भलत्याच वेगाने प्रेक्षकांत येतो. स्वेटर बरोबर हवाच. रेड लाइन या शहरी रेल्वेने ॲडिसन स्थानकावर उतरले की मैदान समोरच आहे. गाडी नेण्याच्या भानगडीत पडू नये.

दक्षिणवासी:

रिगलीचे कौतुक मान्य आहे, परंतु प्रश्नात आईंच्या खाण्याचाही विचार आहे आणि त्या बाबतीत दक्षिणेचे पारडे जड आहे. व्हाइट सॉक्सच्या मैदानावर मक्याच्या दाण्यांचा एलोते मिळतो. विक्रेता कणसाचे गरम दाणे आपल्यासमोर सुरीने कापून काढतो, त्यात लोणी, मेयोनीज, किसलेले चीज, लिंबू, तिखट आणि मीठ घालून पेला हातात देतो. मेयोनीजमध्ये अंडे असते, तेवढे घालू नका असे आधीच सांगावे. लिंबू-तिखट जरा सढळ हाताने घालून घेतले की आईंना ते परके वाटणार नाही.

हॉट डॉगबद्दल मात्र सावध राहावे. शिकागोच्या पारंपरिक हॉट डॉगमधील सॉसेज गोमांसाचे असते, आणि हे अनेक पाहुण्यांना, मांसाहारी असले तरी, ठाऊक नसते. खरी गंमत वरच्या साजात आहे: खसखस लावलेला पाव, पिवळी मोहरी, हिरवीगार रेलिश (काकडीच्या लोणच्याचा बारीक चुरा), कांदा, टोमॅटो, काकडीच्या लोणच्याची लांब फोड, छोट्या तिखट मिरच्या आणि सेलरीचे मीठ. शाकाहारी सॉसेज मिळाले तर त्यावर हाच साज घ्यावा. हॉट डॉगवर केचप इथे वर्ज्य मानतात, ते मागितल्यास शेजारचा माणूस आपल्याकडे वळून पाहतो. याखेरीज सालासकट भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणि मऊ प्रेट्झेल (पीळ घातलेला खारा पाव) आहेतच.

येथे तळमजल्याची मार्गिका मैदानाभोवती फिरते आणि खेळाच्या बाजूने मोकळी असल्यामुळे रांगेत उभे असतानाही सामना दिसतो. शुक्रवारी रात्री सामन्यानंतर बहुधा आतषबाजीही असते.

चेंडूफळी:

मैदानाचा वाद तुमचा तुम्ही मिटवा; मी बाबांसाठी लिहितो. क्रिकेटच्या जुन्या जाणकाराला नियम समजावत बसण्यापेक्षा चेंडूकडे पाहायला सांगावे. आपल्याकडे चेंडू जुना होण्याची वाट पाहिली जाते, पँटवर घासून एक बाजू चमकवली जाते. इथे चेंडू जमिनीला घासला की पंच तो बहुधा बाद करून नवा देतात, आणि एका सामन्यात डझनावारी चेंडू सहज संपतात. कोरा चेंडू गुळगुळीत असल्याने पिचरच्या (इथल्या गोलंदाजाच्या) बोटांतून सटकू नये म्हणून सामन्याआधी त्याला डेलावेअर नदीच्या परिसरातील एका विशिष्ट जागेचा चिखल चोळतात, हे ऐकून बाबा नक्की खूश होतील.

क्षेत्ररचनेवरही आता बंधन आहे. २०२३पासून दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर (आतल्या भागातले क्षेत्ररक्षक) ठेवावेच लागतात. त्याच वर्षी पिचरला ठरावीक सेकंदांत चेंडू टाकायला लावणारे घड्याळ आले आणि २०२२मध्ये सरासरी तीन तासांपलीकडे जाणारा सामना सुमारे २४ मिनिटांनी आटोपशीर झाला. त्यामुळे खायला उठायचे ते डाव बदलताना; इथे प्रत्येक संघाचे नऊ छोटे डाव असतात. भर डावात उठलात तर एखादा षटकार, म्हणजे इथला होमरन, हमखास हुकतो.

सरोवरकाठ:

मनःपूर्वक आभार. रिगलीचा शुक्रवार ठरवतो. एलोतेसाठी दक्षिणेची फेरी स्वतंत्रपणे करू. आई तिखट-मिठाच्या पुऱ्या बांधून घेणार, हे उघड आहे. त्या आत नेता येतील का?

डावखुरा:

रिगलीत घरचे खाणे नेता येते. पाण्यासाठी सीलबंद प्लास्टिकची बाटली न्यावी, काचेची किंवा धातूची चालत नाही. पिशवीच्या मापाचे नियम हंगामागणिक बदलतात, तेवढे क्लबच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी पाहून घ्यावेत. आत रोख रक्कम घेत नाहीत, म्हणून आई-बाबांपैकी एकाच्या हाती कार्ड देऊन ठेवावे. पुऱ्यांनंतर फिरत्या विक्रेत्याकडून चॉकलेटचा गोठवलेला माल्ट (आइस्क्रीमसारखा पदार्थ) घ्यावा. तो दगडासारखा घट्ट असतो आणि बरोबर मिळणारा लाकडी चपटा चमचा त्यात लगेच शिरत नाही. एक डाव तसाच उन्हात ठेवावा, मग खावा.