मदत हवी आहे: स्ट्रोक एकाच जागी, मग बाबांचा चेहरा डावीकडे आणि अंग उजवीकडे बधिर कसं?

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय पण प्लीज वाचा.

बाबा ६४ वर्षांचे, बीपी शुगर दोन्ही आहे, गोळ्या चालू. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे उठले ते गरगरतंय म्हणतच, उलट्या, उभं राहिलं की डावीकडे झोक जायचा. आम्हाला वाटलं पित्त झालं असेल, जवळच्या दवाखान्यातही चक्करेचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं कारण हातपाय व्यवस्थित हलत होते आणि तोंडही वाकडं नव्हतं. संध्याकाळी पाणी दिलं तर ते नाकातून बाहेर आलं, आवाज घोगरा झाला, तेव्हा घाबरून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. एमआरआयमध्ये निघालं लेफ्ट लॅटरल मेड्युलरी इन्फार्क्ट. डॉक्टर म्हणाले हा ब्रेनस्टेमचा, म्हणजे मेंदूच्या देठाचा स्ट्रोक, वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. मधे चार दिवस उचकी थांबत नव्हती, रात्री आम्ही कुणीच झोपलो नाही. आता घरी आहेत, नाकातून राइल्स ट्यूब आहे, दूध, पेज सगळं त्यातूनच.

परवा अंघोळीला बसवलं, आईने बादलीत पाणी काढलं, विसण घालायचं राहिलं आणि बाबांनी उजवा पाय थेट त्यात घातला. काहीच बोलले नाहीत! डावा पाय लागला तेव्हा ओरडले. उजव्या पावलाला फोड आलेत. मग मी बसून एकेक बघितलं, तर उजव्या हातात गरम पेला दिला तर नुसता पेला आहे एवढंच कळतं, गरम कळत नाही. डाव्या हाताला गरम कळतं. पण चेहऱ्याला उलटं, डाव्या गालाला गरम-गार कळत नाही, उजव्याला कळतं. शिवाय डावी पापणी थोडी खाली आलीय.

मी कॉमर्सवाली, मला हे डोक्यातच बसत नाहीये. दोन्ही बाजूंना स्ट्रोक झालाय आणि आम्हाला सांगितलं नाही असं तर नाही ना? आणि बाबा सारखं म्हणतात चमचाभर चहा तोंडाने दे. देऊ का?

———

प्रतिसाद:

ताई, आधी चहाचं. नका देऊ, कितीही वाईट वाटलं तरी. मी स्पीच आणि स्वॉलो थेरपी करते, असे पेशंट बघते. ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं असं यांच्यात धरता येत नाही, आवाज न होता फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही. ती करून घ्या, बऱ्याच जणांचं गिळणं काही आठवड्यांत, महिन्यांत सुधारतं.

आता तुमचा प्रश्न. स्ट्रोक एकच आहे, आणि तुम्ही जे तपासलंत ते अगदी या आजाराचंच चित्र आहे. वॉलेनबर्गने १८९५ मध्ये हेच वर्णन केलं होतं. ब्रेनस्टेमचे वरून खाली तीन भाग, मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला. मेड्युला जेमतेम ३ सेंटिमीटर लांब, आणि सगळी वाहतूक तिथून जाते म्हणून छोट्या जागेत एवढा गोंधळ. बाबांच्या मेड्युलाच्या डाव्या कडेचा रक्तपुरवठा बंद झाला. उजव्या हातापायाची गरम-गार आणि दुखण्याची जाणीव मज्जारज्जूत शिरली की लगेच बाजू बदलते आणि डाव्या बाजूने वर जाते, म्हणजे मेड्युलात येईपर्यंत ती डावीकडेच असते. चेहऱ्याची जाणीव पाचव्या नर्व्हची. ती नर्व्ह शिरते पॉन्समध्ये, पण गरम-गार आणि दुखणं नेणारे तिचे धागे तिथून खाली मेड्युलात उतरतात आणि तिथे अजून बाजू बदललेली नसते. म्हणून एकाच डागात डावा चेहरा आणि उजवं अंग. नुसत्या स्पर्शाचा रस्ता वेगळा, मधल्या रेषेजवळून, तो वाचला म्हणून पेला कळतो पण गरमपणा नाही.

हातापायाची ताकद नेणारे धागे मेड्युलाच्या पुढच्या बाजूला मध्याजवळ, म्हणून ताकद गेली नाही, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी हे हुकतं. गिळणं आणि आवाज नवव्या-दहाव्या नर्व्हचा. झोक जातो तो लहान मेंदूकडे जाणारा रस्ता आणि तोल सांभाळणारी केंद्रं शेजारीच आहेत म्हणून. पापणीसाठी डाव्या डोळ्याची बाहुली बघा, उजवीपेक्षा लहान असेल. डोळा आणि पापणी हलवणाऱ्या तिसऱ्या नर्व्हचा त्रास असता तर सहसा ती मोठी झाली असती, पण ती नर्व्ह वर मिडब्रेनमध्ये आहे. इथे पापणी उचलून धरायला आणि बाहुली मोठी करायला मदत करणारे सिंपथेटिक धागे दुखावलेत. जीभ बाहेर काढायला सांगा, सरळ यायला हवी, जीभ हलवणाऱ्या बाराव्या नर्व्हचं केंद्र मध्याजवळ आहे, म्हणून ते वाचलंय.

पावलाचे फोड शुगरमुळे डॉक्टरांना आजच दाखवा, घरगुती काही लावू नका. पाणी आईनेच बघायचं. डाव्या डोळ्याकडेही लक्ष ठेवा, कचरा गेला तरी त्यांना कळणार नाही, लाल दिसला तर लगेच दाखवा.

———

खूप खूप आभार ताई, वाचताना रडूच आलं, तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी उलगडून सांगितलं. जीभ सरळ आली. डावी बाहुली खरंच लहान आहे, आमच्या लक्षातच आलं नव्हतं. पाय दाखवून आलो, ड्रेसिंग केलंय. गिळण्याच्या तपासणीची गुरुवारची वेळ मिळाली. तिथल्या मॅडम फोनवर म्हणाल्या की पुढे मान डावीकडे वळवून घोट घ्यायला शिकवतील. डावीकडे का, बिघाड तर डावीकडेच आहे ना? आणि वळवायची म्हणजे कान खांद्याला लावायचा का?

———

प्रतिसाद:

कान नाही, हनुवटी डाव्या खांद्याकडे. तसं वळलं की घशाची डावी, कमजोर बाजू दाबली जाते आणि घोट उजव्या चांगल्या बाजूने उतरतो. पण हे गुरुवारी त्यांच्यासमोरच, घरी आधी करून बघू नका.